मस्कतची ऑर्डर आणि तेलाची तेजी-मंदी

भोसरीत वॉल्व्हचे सुटे भाग बनवणाऱ्या एका तरुण कारखानदाराचा हा प्रश्न आहे. मस्कतच्या एका कंत्राटदाराकडून त्यांना आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर आली आहे आणि समोरचा १२० दिवसांची उधारी मागतोय. ते विचारतात: "कॉलेजात व्यापारचक्र शिकलो तेव्हा तेजी, घसरण, मंदी, सुधारणा अशी लाटेसारखी आकृती काढायचो. ओमानसारख्या छोट्या, तेलावर चालणाऱ्या देशात हे तसंच चालतं का? तेलाचा भाव बघून पुढचा अंदाज बांधता येतो का? आणि उधारी द्यावी का?"

उधारीचं शेवटी बोलतो. मस्कतला बँकेत २१ वर्षं कर्जाच्या फायली लिहून मी एक गोष्ट शिकलो, शिफारस पहिल्या पानावर आली की मागची पानं कोरी असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

तुम्ही पुण्यात राहता म्हणून समजावणं सोपं आहे. जुलैत नदीपात्रात गाडी लावणारा माणूस घाटात टेमघरला किती मिलिमीटर पाऊस पडला हे विचारत नाही. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते विचारतो. भिडे पूल बुडतो तो विसर्गाने, आणि तेव्हा डेक्कनवर स्वच्छ ऊनही पडलेलं असू शकतं. तेलाचा भाव म्हणजे घाटातला पाऊस. सरकारी तिजोरी म्हणजे धरण. तुमच्या कंत्राटदाराच्या खात्यात जमा होणारे पैसे म्हणजे नदीपात्रातलं पाणी. तुम्ही रोज सकाळी मोबाइलवर पाऊस मोजताय आणि त्यावरून गाडी कुठे लावायची ते ठरवताय.

पुस्तकातलं व्यापारचक्र देशाच्या आत जन्म घेतं. गोदामात माल साचतो, कारखानदार नवी मशिनरी घेणं थांबवतो, बँका हात आखडतात, नोकऱ्या जातात, मग कधीतरी साठे संपतात आणि गाडी पुन्हा चढाला लागते. चाकणला मंदी येते ती साधारण अशीच. ओमान रोज साधारण १० लाख बॅरल तेल काढतो आणि जग रोज सुमारे १० कोटी बॅरल वापरतं. म्हणजे शंभरातलं एक. मार्केट यार्डात दोन पोती कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हातात भाव ठरवणं जितकं असतं, तितकंच ते ओमानच्या हातात असतं. धक्का बाहेरून येतो, तोही न सांगता.

पण बाहेरून आलेला धक्का दुकानापर्यंत पोचतो कसा? तेलाच्या विहिरींवर माणसं फार लागत नाहीत, त्यामुळे तिथला पैसा पगारातून बाजारात फारसा झिरपत नाही. तो सरकारकडे जातो. ओमानच्या सरकारी उत्पन्नात तेल आणि वायूचा वाटा वर्षागणिक ७० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान राहिलेला आहे. तिथून पैसा बाहेर पडायच्या वाटा ठरलेल्या: सरकारी नोकरांचे पगार, पेट्रोल-विजेवरची सवलत, रस्ते-बंदरं-इस्पितळांची कंत्राटं, आणि देशातल्या बँकांमध्ये ठेवलेल्या सरकारी ठेवी.

भाव पडला की यातलं काय कापणार? पगार नाही. २०११ च्या फेब्रुवारीत सोहारला निदर्शनं झाली आणि सुलतान काबूस यांनी ५० हजार नोकऱ्यांची घोषणा केली. एकदा दिलेली नोकरी परत काढून घेता येत नाही. पेट्रोलवरची सवलत काढायची तर लोकांची नाराजी पत्करावी लागते. ती २०१६ च्या जानेवारीत काढली, तेही पाणी गळ्याशी आल्यावर. उरतात कंत्राटं. तिथेही सरकार चालू काम रद्द करत नाही, कारण रद्द केलं की पेपरात येतं, भरपाई द्यावी लागते. सरकार बिल लांबवतं. बिल लांबवल्याची बातमी होत नाही. छोट्या तेलदेशातली मंदी सुरू होते ती अशी, एका अकाउंट्स विभागातल्या टेबलावर पडून राहिलेल्या फायलीतून.

आता किती उशीर लागतो ते बघू, कारण तुमच्या १२० दिवसांचा हिशोब त्यात आहे.

ओमानी तेलाची अधिकृत किंमत दुबईच्या वायदे बाजारातल्या महिनाभराच्या भावाच्या सरासरीवरून ठरते आणि ती लागू होते दोन महिन्यांनंतर उचलल्या जाणाऱ्या मालाला. जूनमधल्या भावाचे पैसे ऑगस्टच्या जहाजावर. म्हणजे आज भाव कोसळला तरी पहिले दोन महिने तिजोरीला कळतच नाही. मग अर्थखात्याला वाटतं, हे तात्पुरतं आहे. यात सहा महिने सहज जातात (हे सगळीकडचं अर्थखातं करतं, ओमानला दोष देत नाही). मग तोंडी सूचना जाते: नवीन टेंडर थांबवा, बिलं जरा सावकाश. माझ्या अनुभवात भाव पडल्यापासून कंत्राटदाराचा गळा आवळला जायला वर्ष ते सव्वा वर्ष लागतं. आणि भाव सुधारल्यापासून फास सैल व्हायलाही तितकंच, बहुधा जास्तच.

एक फाइल दाखवतो. माझीच, आणि माझ्याच चुकीची.

२०१४ चा जुलै. ब्रेंट, म्हणजे ज्याचा भाव जगभर बघतात ते तेल, जूनमध्ये ११५ डॉलरच्या आसपास जाऊन आलेलं. एक कंत्राटदार, चांगला, जुना, रस्त्याच्या मोठ्या कामाचा एक टप्पा मिळालेला. त्याला कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती. मी फायलीत लिहिलं, "प्रकल्प सरकारी असल्याने परतफेडीची जोखीम नगण्य." हे वाक्य मी त्याआधी शंभर वेळा लिहिलं असेल. त्याची सर्टिफाय झालेली, म्हणजे इंजिनिअरने तपासून मंजूर केलेली, बिलं तेव्हा ४५ दिवसांत वटत होती.

२७ नोव्हेंबर २०१४ ला व्हिएन्नात ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला. तो गुरुवार होता, म्हणजे तिकडच्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीची आदली संध्याकाळ. आम्ही चार मराठी कुटुंबं कुणाकडे तरी मिसळीला जमलो होतो. कुणीतरी फोनवर भाव बघून म्हणालं, "सत्तरला येतंय बहुतेक." आणि आम्ही पुढच्या विषयावर गेलो. खरं सांगतो, शेव संपली याची चर्चा जास्त झाली.

मार्च २०१५ मध्ये त्याच कंत्राटदाराची बिलं ६० दिवसांवर गेली होती. त्याने सांगितलं, इंजिनिअर रजेवर आहे. वर्षअखेर ११० दिवस. या वेळी कारण असं की नवीन सॉफ्टवेअर बसवतायत. ब्रेंट तळाला गेलं ते जानेवारी २०१६ मध्ये, २८ डॉलरच्या खाली. त्यानंतर ते चढायला लागलं, वर्षाच्या शेवटी ५० च्या वर होतं, आणि आमच्याकडे लोक म्हणायला लागले की संपलं संकट. त्या कंत्राटदाराच्या वहीत सगळ्यात वाईट आकडा कधीचा आहे माहितीये? २०१६ च्या ऑक्टोबरचा. १९० दिवस. घाटात पाऊस पुन्हा सुरू होऊन नऊ महिने झाले होते आणि नदीपात्र कोरडंच होतं.

या १९० दिवसांत काय झालं ते जवळून बघण्यासारखं आहे. मजुरांचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो, तो त्याने आमच्या मर्यादेतून दिला. मर्यादा संपली तेव्हा त्याने खालच्या उपकंत्राटदारांना पुढच्या तारखेचे चेक दिले. उपकंत्राटदाराने त्या चेकच्या भरवशावर स्वतःचे चेक दिले. साखळीच्या तळाशी चिंचवडचा एक पंप पुरवणारा होता, त्याचे २८ लाख रुपये दोन वर्षं अडकले. त्याचा मस्कतच्या रस्त्याशी काय संबंध? करारात एक ओळ होती: वरून पैसे मिळाले की खाली मिळतील. त्याने ती वाचली होती. पण तेजीत ती ओळ कुणाला टोचत नाही.

सरकारने शेवटी त्या कंत्राटदाराचा एक बैसाही (तिथला पैसा) बुडवला नाही. सगळी बिलं दिली, उशिरा दिली. त्याला बुडवलं ते मधल्या व्याजाने. आमच्या बँकेनेही त्यात बरंच सोडून दिलं आणि मी "जोखीम नगण्य" हा शब्दप्रयोग सोडून दिला.

ही फक्त ओमानची गोष्ट नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सौदीत हजारो भारतीय कामगार पगाराविना छावण्यांत अडकले होते, सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला गेले होते, ते तुम्हाला आठवत असेल. मूळ तेच, सरकारकडून कंत्राटदाराला पैसे येणं थांबलं होतं. सौदी मोठा देश आहे, पण बिलाची वाट सगळीकडे सारखीच लांब.

आता बँकेच्या बाजूने. भाव चांगला असतो तेव्हा सरकार आणि सरकारी कंपन्या बँकांमध्ये भरपूर ठेवी ठेवतात. बँकांना पैसा कुठे लावू असं होतं, मग माझ्यासारख्या माणसाला वरून फोन येतो की वाढ दाखवा. भाव पडला की सरकार तूट भरायला याच ठेवी काढतं. म्हणजे कंत्राटदाराला कर्जाची गरज सगळ्यात जास्त असते नेमक्या त्याच महिन्यांत बँकेकडे पैसा कमी असतो. छत्री पाऊस आल्यावर परत मागणारी बँक असं लोक चेष्टेने म्हणतात. तिथे बँकेलाच तिची छत्री परत द्यावी लागते.

मग रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी करावेत, असं तुम्हाला वाटेल. तिथल्या मध्यवर्ती बँकेला ते करता येत नाही, कारण रियाल डॉलरला बांधलेला आहे. एका रियालला २.६ डॉलर, हा दर १९८६ पासून हललेला नाही. दर बांधला की व्याजदर अमेरिकेच्या मागे जातो, आणि अमेरिकेची तब्येत ओमानच्या तब्येतीशी जुळेलच असं नाही. २००८ च्या जुलैत तेल १४७ डॉलरवर होतं, आखातात पैसा ओसंडत होता, घरभाडी दुप्पट होत होती. अशा वेळी व्याज महाग करायला हवं. पण अमेरिकेत घरकर्जांचं संकट होतं म्हणून तिकडे दर २ टक्क्यांवर आणले होते. ओमानमध्ये त्या वर्षी महागाई दोन आकडी झाली. मग उलट बघा: डिसेंबर २०१५ पासून अमेरिकेने दर वाढवायला घेतले आणि २०१८ अखेर ते अडीच टक्क्यांपर्यंत नेले. आखातात तेव्हा मंदी होती. आगीत तेल आणि तेलात पाणी, दोन्ही वेळा चुकीच्या जागी. कुवेतने २००७ च्या मे महिन्यात डॉलर सोडून अनेक चलनांच्या टोपलीशी दिनार बांधला, तो याच त्रासातून.

चलनाचं निघालं म्हणून एक जुनी गोष्ट. आखातात एके काळी आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारातून रुपये परत येऊन आपली गंगाजळी आटत होती. कुवेतने १९६१ मध्ये, बहारिनने १९६५ मध्ये स्वतःचं चलन आणलं, १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केल्यावर बाकीचे निघाले, आणि ओमानने सगळ्यात शेवटी, १९७० मध्ये, रुपया सोडला. मस्कतच्या रुवी भागातल्या एका म्हाताऱ्या कापडवाल्याकडे मी ती नोट बघितली आहे. तो पैशाच्या गोष्टी अजून रुपया-आण्यातच सांगायचा.

पुस्तकात मंदी मोजायला बेकारीचा आकडा असतो. तिथे तो बघून काही कळत नाही. खाजगी नोकऱ्यांतली बहुसंख्य माणसं परदेशी, त्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की माणूस बेकार होत नाही, तो केरळला किंवा कोल्हापूरला परततो. २०२० मध्ये ओमानमधून दोन लाखांहून जास्त परदेशी माणसं गेली. बेकारी वाढली नाही, ती निर्यात झाली. पण माणसाबरोबर त्याचं घरभाडं जातं, त्याचा किराणा, त्याच्या मुलांची फी, त्याची गाडी धुणाऱ्याची कमाई. म्हणून अशा देशात घसरण सुरू झाली की बाजारपेठच लहान होते. आपल्याकडे कंपनीतून काढलेला माणूस निदान चहा पुण्यातच पितो.

जीडीपीचाही असाच घोळ. जीडीपीच्या वाढीचा आकडा बॅरल मोजतो, भाव नाही. मे २०२० पासून ओपेक आणि तिच्या साथीदार देशांनी मिळून रोज ९७ लाख बॅरलची कपात केली. ओमान ओपेकचा सदस्य नाही, पण या गटात आहे. कपात करायची तर बॅरल कमी, म्हणून जीडीपी कमी, मग भाव सुधारून तिजोरी भरत असली तरी. उलट बाजूला दक्षिण अमेरिकेतला गयाना. आठ लाखांच्या आसपास लोकवस्ती, २०१५ मध्ये समुद्रात तेल सापडलं, डिसेंबर २०१९ मध्ये निघायला लागलं आणि २०२२ मध्ये जीडीपी एका वर्षात ६० टक्क्यांहून जास्त वाढला. याचा अर्थ जॉर्जटाऊनच्या भाजीवाल्याची कमाई ६० टक्क्यांनी वाढली असा कुणी घेऊ नये. म्हणून जाणकार तेल वगळून उरलेला जीडीपी बघतात. तुमच्यासाठी तोच आकडा.

या चक्राची लांबी किती, असाही प्रश्न तुम्हाला पडेल. लांबी नाही. १९७३ ते १९८१ तेजी. १९८६ मध्ये भाव २७ डॉलरवरून १० च्या आसपास कोसळला आणि पुढची बारा-तेरा वर्षं बहुतेक सुस्तीत गेली. मी १९९८ च्या डिसेंबरात मस्कतला उतरलो तेव्हा तेल पुन्हा १० डॉलरला होतं आणि मला घ्यायला आलेले साहेब म्हणाले होते, "तू चुकीच्या वेळी आलास." दहा वर्षांनी १४७. त्याच वर्षाच्या अखेरीस ४० च्या खाली. दीड-दोन वर्षांत पुन्हा वर. मग २०१४. मग २०२०, जेव्हा एप्रिलमध्ये अमेरिकन तेलाचा वायदा एका दिवसासाठी शून्याच्याही खाली गेला. यात तुम्हाला नियमित लाट दिसत असेल तर ज्योतिषाकडे जा, बँकरकडे येऊ नका.

घसरण किती लागेल हे भावापेक्षा धरणाच्या आकारावर ठरतं. आपल्याच खडकवासला साखळीतलं बघा, चारही धरणं मिळून २९ टीएमसी, त्यात एकट्या खडकवासल्यात दोनसुद्धा नाही. जोराचा पाऊस झाला की ते दोन दिवसांत भरतं आणि दरवाजे उघडावे लागतात. बहारिन असं खडकवासला आहे. अरबी किनाऱ्यावर तेल तिथे सगळ्यात आधी, १९३२ मध्ये, लागलं, पण साठा लहान. २०१८ मध्ये सौदी, अमिरात आणि कुवेत या शेजाऱ्यांनी १० अब्ज डॉलरचा आधार दिला तेव्हा ते सावरलं. कुवेतने १९५३ पासून पैसे बाहेर गुंतवायला सुरुवात केली, ते साखळीतल्या मोठ्या धरणांसारखं, पानशेत-वरसगाव. नॉर्वेने तर पाऊस थेट नदीत पडूच नये अशी सोय केली: तेलाचा पैसा निधीत, आणि निधीतून दर वर्षी ठरावीक टक्केच खर्चायचे, आधी ४, २०१७ पासून ३. पण नॉर्वेचं उदाहरण ऐकून आखातातले अर्थखात्याचे लोक जरा हसायचे, आणि त्यात तथ्य होतं. नॉर्वे तेल मिळण्याआधी श्रीमंत होता, त्याच्याकडे थांबायची सोय होती.

धरण मोठं असलं तरी माणसं वेडी होऊ शकतात, हेही सांगून ठेवतो. कुवेतमध्ये १९८२ च्या ऑगस्टमध्ये सूक अल-मनाख नावाचा अनधिकृत शेअरबाजार कोसळला. मनाख म्हणजे उंट बसवायची जागा. तिथे सगळा व्यवहार पुढच्या तारखेच्या चेकांवर चालायचा. चेक आज, पैसे वर्षाने, मधे शेअर दुप्पट होणार हे गृहीत. बाजार पडला तेव्हा फिरत असलेल्या चेकांची बेरीज ९४ अब्ज डॉलर निघाली. पुढच्या तारखेचा चेक हातात घेताना मला आजही उंट आठवतात.

आणि तेजी संपल्यावर जुन्या शेतीकडे, जुन्या कारखान्यांकडे परत जाता येत नाही. त्रिनिदादचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कदाचित तिथे उसाच्या मळ्यांवर आपलीच माणसं गेली म्हणून. सत्तरीतल्या तेजीत पगार एवढे वाढले की ऊस तोडायला कुणी तयार होईना, साखर बाहेर विकणं परवडेना. तेल पडलं तेव्हा साखर आधीच गेलेली होती. १९८५ च्या डिसेंबरात त्यांना एका अमेरिकन डॉलरचा दर स्वतःच्या २.४० डॉलरवरून ३.६० करावा लागला. याला अर्थशास्त्रात डच रोग म्हणतात, हॉलंडच्या वायूवरून पडलेलं नाव. तुमच्या ऑर्डरला याचा थेट संबंध नाही, पण ओमानमध्ये वॉल्व्ह बनवणारे स्थानिक कारखाने फारसे का सापडत नाहीत आणि तुम्हाला का विचारलं जातंय, त्याचं उत्तर यात आहे.

आता ओमानची आजची स्थिती, कारण इथे एक बदल आहे जो जुन्या अनुभवाला छेद देतो. २०१४ मध्ये सरकारी कर्ज जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२० पर्यंत ते ७० च्या आसपास गेलं. त्या जानेवारीत सुलतान हैथम गादीवर आले आणि काही महिन्यांत कोविड. एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट लागला. २०२२ चं अंदाजपत्रक ५० डॉलरचा भाव धरून केलं होतं, प्रत्यक्षात वर्षाची सरासरी ९० च्या वर निघाली. माझ्या काळात असा पैसा आला असता तर चार नवी विमानतळं जाहीर झाली असती. या वेळी त्यांनी बराचसा कर्ज फेडायला लावला. २०२४ पर्यंत कर्ज ३५ टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एस अँड पी या पतमापन संस्थेने त्यांना पुन्हा गुंतवणूकयोग्य दर्जा दिला. २०२८ पासून मोठ्या कमाईवर प्राप्तिकरही येतोय, आखातात पहिल्यांदाच. म्हणजे धरणाच्या दरवाजावरचा माणूस बदलला आहे. याचा परिणाम असा की तेल ९० ला गेलं म्हणून तिथे पूर्वीसारखी तेजी येणार नाही, आणि ६० ला आलं म्हणून पूर्वीसारखी बिलं अडकतीलच असंही नाही. अंदाजपत्रकात धरलेला भाव आणि खरा भाव यांतलं अंतर बघत राहा. खरा भाव सलग सहा महिने खाली असेल तर सावध.

बाकी खुणा रस्त्यावरच्या. रेडीमिक्स काँक्रीटचे ट्रक मस्कतच्या ‘घाला’ नावाच्या औद्योगिक भागात दिवसा उभे दिसले की कामं थांबली आहेत. अल खुवैरच्या इमारतींवर भाड्याच्या पाट्या वाढल्या, जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत "देश सोडत असल्याने" हे शब्द वाढले, भारतीय शाळांतून मार्चच्या आत दाखले काढणारे वाढले. माझी स्वतःची आवडती खूण गणपतीच्या स्मरणिकेची. मंडळाच्या स्मरणिकेत २०१४ ला कंत्राटदारांच्या रंगीत पानभर जाहिराती होत्या, २०१६ ला अर्धं पान, काळं-पांढरं, आणि २०१७ ला मागच्या कव्हरवर दातांचा डॉक्टर. दातांच्या डॉक्टरांवर माझा राग नाही, पण ते कव्हरवर आले की मी मर्यादा वाढवत नसे.

तर तुमची ऑर्डर. सगळ्यात आधी माल जाणार कुठे ते विचारा. सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या किंवा इमारतीच्या नव्या कामासाठी असेल तर वर लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू. पण चालू तेलक्षेत्रावर बदलायचे सुटे भाग असतील तर गोष्ट वेगळी. ओमानची बरीच क्षेत्रं म्हातारी आहेत. एका बॅरल तेलामागे कित्येक बॅरल पाणी वर येतं, मुखैझनाला जमिनीत वाफ सोडतात, मरमूलला पॉलिमर. तिथे वॉल्व्ह झिजतोच, आणि भाव पडला म्हणून झिजायचा थांबत नाही. उलट भाव पडल्यावर नवी विहीर परवडत नाही म्हणून जुनीच चालवतात. २०१५-१६ मध्ये माझ्याकडच्या फायलींत रस्तेवाले बुडत होते तेव्हा देखभालीची कामं करणारे दोन ग्राहक वेळेवर हप्ते भरत होते. दरात दहा-पंधरा टक्के घासाघीस त्यांनाही सोसावी लागली, पण पैसे आले.

दुसरं, १२० दिवस कुठून मोजायचे ते. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून असेल तर बोलता येतं. "मुख्य कंत्राटदाराकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर" असं कुठेही, कुठल्याही शब्दांत असेल, तर ते १२० दिवस नाहीत, ती अनिश्चित काळाची उधारी आहे, ती खोडून घ्या किंवा सोडून द्या. २५-३० टक्के आगाऊ मागा. बाकीच्याला एलसी, म्हणजे त्याच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी. ते नाहीच म्हणाले तर ईसीजीसीचं (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) संरक्षण घेतल्याशिवाय माल बंदरावर पाठवू नका, आणि तिथे त्या खरेदीदाराची मर्यादा किती मंजूर होते हेच तुम्हाला फुकटात मिळालेलं मत समजा. बिल डॉलरमध्येच करा, रियाल-डॉलरची काळजी १२० दिवसांच्या व्यवहारात करत बसू नका. एका गिऱ्हाइकाची उधारी तुमच्या तीन महिन्यांच्या पगारखर्चापेक्षा जास्त होऊ देऊ नका, मग ते गिऱ्हाईक कितीही गोड बोलो. आणि या ऑर्डरच्या जोरावर नवीन सीएनसी मशीन घेणार असाल, तुमच्या पत्रात तसा ओझरता उल्लेख आहे, तर निदान दुसरी ऑर्डर येईपर्यंत जॉबवर्कने काम भागवा.

शेवटी त्या कंत्राटदाराला फोनवर एकच गोष्ट विचारा, ईमेलवर नको: गेल्या सहा महिन्यांत तुमची सर्टिफाय झालेली बिलं कितव्या दिवशी वटली? तो लगेच आकडा बोलला, ५० असो की ८०, तर त्याच्याशी धंदा करता येईल. इंजिनिअर रजेवर आहे असं म्हणाला तर मला परत लिहा.